नागसेनापतीला पुढचं काम कोण देणार?

दोन वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका नटासमोर करारपत्र आलं. हिंदी वाहिनीवरची मोठी फँटसी मालिका, दोन वर्षांचं काम, महिन्याला ठरावीक दिवसांची हमी. भूमिका असुरराजाच्या धाकट्या भावाची, म्हणजे चेहरा पुन्हा पूर्ण झाकलेला. आधीच्या मालिकेत हाच मुलगा नागलोकाचा सेनापती होता. करारात एक अट जड होती: या दोन वर्षांत दुसरीकडे कुठेही, कुठल्याही माध्यमात काम करायचं नाही.

सही करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधताना आम्ही काय तपासलं, कुणाची कारकीर्द समोर ठेवली आणि शेवटी कागदावर काय बदललं, ते इथे सविस्तर मांडतो. सांगली, मिरज, सातारा, कराड भागातून मुंबईला गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांना पहिलं बरं काम पौराणिक किंवा फँटसी मालिकेतच मिळालं. त्या कामाबद्दल त्यांच्याशी नीट बोलणारं मात्र कुणी नव्हतं. त्या नटाच्या परवानगीने लिहितो आहे. त्याचं, वाहिनीचं आणि निर्मितीसंस्थेचं नाव गाळलं आहे.

नट आणि त्याचं काम

वडील कुपवाड एमआयडीसीत लेथवर. मुलगा बी. कॉम. झालेला, कॉलेजात एकांकिका केलेल्या, राज्य नाट्य स्पर्धेत दोन-तीन चांगली कामं केलेली. मुंबईत सुरुवातीला सगळे करतात तेच त्याने केलं: ऑडिशन, जाहिरातीत गर्दीतला चेहरा, मालिकेत दोन वाक्यांचा इन्स्पेक्टर. मग नागसेनापती मिळाला आणि वर्षभराहून जास्त काळ चालला.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. कॉल टाइम पहाटेचा. खुर्चीत बसलं की आधी केसांवर टोपी चिकटवायची, मग कपाळाचा सिलिकॉनचा तुकडा, मग दोन्ही गालांचे, मग हनुवटीखालून गळ्यापर्यंत खवल्यांचा पट्टा. तुकड्यांच्या कडा इतक्या पातळ असतात की जराशी सुरकुती राहिली तरी क्लोजअपमध्ये दिसते, म्हणून त्या ब्रशने गोंद लावून मिलिमीटर मिलिमीटर बसवतात. वरून एअरब्रशचा रंग. शेवटी डोळ्यांत लेन्स. त्या पिवळ्या लेन्समधून बाजूचं दिसत नाही, समोरचंही धूसर दिसतं. इतकं होईस्तोवर तीन तास जातात. मग दिवसभर पाणी स्ट्रॉने, जेवण म्हणजे पातळ खिचडी, कारण जबडा जोरात हलवला की गालाची कड सुटते. सिलिकॉनखाली घाम साठतो आणि संध्याकाळी तुकडे काढताना कपाळावरची कातडी लालभडक होते. शॉट हिरव्या पडद्यासमोर. नागराजाच्या जागी काठीला लावलेला चेंडू, त्याच्याकडे बघून निष्ठेची शपथ घ्यायची.

आणि इतकं करून आवाज त्याचा नव्हता. हिंदीत मराठी वळण ऐकू येतं म्हणून वाहिनीने दुसऱ्या कलाकाराकडून डबिंग करून घेतलं.

चेहरा नाही, आवाज नाही. तरीही ती भूमिका लोकांच्या लक्षात राहिली, ती मानेमुळे. त्याचं आजोळ बत्तीस शिराळ्याचं. नागपंचमीला तिथे जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक चालायची. न्यायालयाच्या आदेशानंतर ती थांबली, पण याच्या लहानपणी ती होती आणि त्याने ती मामाच्या खांद्यावर बसून पाहिली होती. फणा काढलेला नाग अंग अजिबात हलवत नाही. समोर गाडगं हललं की फणा तेवढा त्याच्या मागे जातो, सावकाश, मध्ये न थांबता. याने सेनापतीला हेच दिलं. बाकीचे नागयोद्धे फूत्कार टाकत, हात वळवत फिरायचे. हा निश्चल बसायचा, आणि बोलणाऱ्याच्या दिशेने फक्त मान जायची, खांदा तसूभरही न हलता. पटकथेत हे नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कॅमेरामनच्या लक्षात आलं आणि त्या मानेसाठी वेगळे शॉट लागू लागले. नंतर लग्नाच्या मांडवात लहान पोरं एकमेकांना ती मान करून दाखवताना मी स्वतः बघितली आहेत.

पण सांगली स्टँडवर उतरल्यावर त्याला कुणी ओळखत नव्हतं. मालिका बंद पडली, शेवटच्या महिन्यांचं मानधन, नव्वद दिवसांनी पैसे द्यायचा जो रिवाज आहे त्याच्याही बरंच पुढे रेंगाळलं, आणि ऑडिशनला गेलं की दाखवायला जे फुटेज होतं त्यात तो कुठेच दिसत नव्हता. दिसायचा तो थेट खवल्यांचा सेनापती.

शिक्का बसण्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते चेहऱ्याच्या नटांबद्दल. 1987-88 मध्ये 'रामायण' चालू असताना अरुण गोविल यांच्या लोक पाया पडायचे आणि नंतर रामाच्या प्रतिमेमुळे चित्रपटांत कामं मिळेनात, हे त्यांनीच अनेकदा सांगितलं आहे. 'महाभारता'तले कृष्ण, आपले नितीश भारद्वाज, शिक्षणाने पशुवैद्य. ते पुढे राजकारणात गेले, जमशेदपूरचे खासदार झाले आणि नंतर दिग्दर्शनाकडे वळले. त्यांच्या अडचणी खऱ्याच होत्या, पण त्यांचा चेहरा घराघरात होता. आमच्या मुलाकडे अडचण तीच आणि ओळख मात्र नाही.

समोर ठेवलेली कारकीर्द

अशा वेळी 'मेहनत कर, फळ मिळेल' हे सांगून काही होत नाही. एखादी पूर्ण झालेली कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडून बघावी लागते. मी त्याच्यासमोर लिओनार्ड निमॉयची ठेवली, 'स्टार ट्रेक'मधल्या स्पॉकची. आमच्या पिढीने ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिली. टोकदार कानांचा, भावना न दाखवणारा, अर्धा मानव आणि अर्धा परग्रहवासी शास्त्रज्ञ अधिकारी.

निमॉयचा जन्म 26 मार्च 1931 चा, बॉस्टनमधला. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू, वडिलांचं केस कापण्याचं दुकान. अठराव्या वर्षाच्या आसपास तो कॅलिफोर्नियाला गेला. 1952 मध्ये एका छोट्या चित्रपटात मुख्य काम मिळालं, तेही विद्रूप चेहऱ्याच्या मुष्टियोद्ध्याचं, रंगभूषेच्या थराखालचं. मग सैन्यातली सेवा, टॅक्सी चालवणं, व्हॅक्यूम क्लीनर विकणं, टीव्हीवर एकेका भागाची कामं, अभिनयाचे वर्ग घेणं. तोवर कुठलंही काम दोन आठवड्यांच्या वर टिकलं नव्हतं आणि ड्रेसिंग रूमच्या दारावर आपलं नाव नेहमी खडूने लिहिलेलं असायचं, असं तो पुढे सांगत असे. 8 सप्टेंबर 1966 ला 'स्टार ट्रेक' सुरू झालं तेव्हा तो 35 वर्षांचा होता.

सुरुवात अवघडच झाली. एनबीसी वाहिनीला ते कान सैतानी वाटले. जाहिरातीच्या पत्रकात छायाचित्रावर हात फिरवून ते साधे करून टाकले होते. निमॉयलाही भीती होती की आपलं हसं होईल. निर्माता जीन रॉडनबेरीने त्याला शब्द दिला की तेरा भागांनंतरही नकोसे वाटले तर कानांवर शस्त्रक्रिया होते असा भागच लिहितो. तेरा भागांनंतर कुणालाच ते कान काढायचे नव्हते.

इथून पुढचं मी त्या मुलाला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. सुरुवातीच्या एका भागात अवाढव्य संकट समोर येतं आणि जहाजावरचे सगळे हादरतात. निमॉयही सगळ्यांबरोबर आवाज चढवून बोलत होता. दिग्दर्शक जोसेफ सार्जंटने त्याला सुचवलं की तू वेगळा राहा, शास्त्रज्ञासारखा अलिप्त हो, या संकटाकडे कुतूहलाने बघ. निमॉयने एकच शब्द थंडपणे, भुवई उंचावून म्हटला आणि स्पॉक तिथे सापडला. दुसऱ्या एका भागात स्पॉकने शत्रूच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता घालायचा होता. निमॉयला ते पटेना. इतक्या पुढारलेल्या संस्कृतीतला माणूस असं डोकं फोडणार नाही, तो मानेजवळ चिमटीने दाबून समोरच्याला बेशुद्ध करेल, असं त्याने सुचवलं आणि समोरच्या विल्यम शॅटनर या सहकलाकाराने कोसळून ते खरं करून दाखवलं.

तिसरी गोष्ट 1967 ची. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच भागात स्पॉक आपल्या ग्रहावर जातो. तिथले लोक एकमेकांना अभिवादन कसं करतात, ते पटकथेत नव्हतं. निमॉयला लहानपणीचं सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आठवलं. पुरोहित आशीर्वाद देतात तेव्हा मान खाली घालून डोळे झाकायचे असतात. वडिलांनी तसं बजावलंही होतं, पण त्या पोराने चोरून बघितलं होतं: दोन्ही हात पुढे, चार बोटं दोन-दोनच्या जोडीत फाकलेली. त्याने एका हाताने ती खूण केली. आज स्पॉकचं नाव माहीत नसलेली माणसंसुद्धा ती खूण करतात.

शिराळ्याचा नाग आणि बॉस्टनचं सिनगॉग शेजारी ठेवल्यावर मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. आपण सेटवर जे केलं ती आपली सवय किंवा मामाच्या गावची आठवण आहे, इतकंच त्याला तोवर वाटत होतं. त्याला किंमत असते आणि ती कागदावर मागता येते, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं.

निमॉयने ती मागितली. पहिल्या हंगामात स्पॉकला पत्रांचा पाऊस पडला आणि एमी पुरस्काराचं नामांकनही मिळालं. तिन्ही हंगामांत मिळून त्याला अशी तीन नामांकनं मिळाली. दुसऱ्या हंगामाआधी त्याच्या एजंटने मानधन वाढवून मागितलं. स्टुडिओने त्याच्या जागी कोण घेता येईल अशा नटांची यादीच तयार केली. बोलणी तुटायच्या बेताला आली आणि शेवटी भागाला 1250 डॉलरवरून 2500 डॉलरवर तडजोड झाली. कान कुणालाही लावता आले असते. ती अलिप्त भुवई कुठून आणायची, हा प्रश्न यादीतल्या नावांनी सुटत नव्हता.

1969 मध्ये 79 भागांनंतर मालिका बंद झाली. पुढची दहा वर्षं या प्रकरणासाठी सगळ्यात महत्त्वाची. लगेच त्याला दुसऱ्या लोकप्रिय हेरगिरी मालिकेत वेषांतरात पटाईत असलेल्या माणसाची भूमिका मिळाली. दोन हंगाम केल्यावर तो स्वतःहून बाहेर पडला, कारण वेष बदलण्यापलीकडे त्या माणसात काही नव्हतं. मग विद्यापीठात छायाचित्रण शिकला. रंगभूमीवर परतला, संगीतिकेत काम केलं, ब्रॉडवेवर मुख्य भूमिका केली, चित्रकार व्हॅन गॉगच्या भावावरचा एकपात्री प्रयोग घेऊन वर्षानुवर्षं दौरे केले. तिकडे 'स्टार ट्रेक'चे जुने भाग स्थानिक वाहिन्यांवर रोज लागत होते आणि स्पॉक पूर्वीपेक्षा मोठा होत चालला होता. 1975 मध्ये त्याने 'आय ॲम नॉट स्पॉक' नावाचं पुस्तक लिहिलं. आत त्याने स्पॉकबद्दल आपुलकीनेच लिहिलं होतं, पण शीर्षक वाचून चाहते चिडले. वीस वर्षांनी दुसऱ्या आठवणींना त्याने 'आय ॲम स्पॉक' असं नाव दिलं.

दोन प्रसंग मी मुद्दाम सांगितले. 1973 मध्ये याच मालिकेची ॲनिमेशन आवृत्ती निघाली तेव्हा पैसे वाचवायला दोन सहकलाकार, निशेल निकल्स आणि जॉर्ज ताकेई, यांना आवाजासाठी घ्यायचं नाही असं ठरत होतं. ते नसतील तर मीही नाही, असं निमॉयने सांगितलं आणि दोघांना काम मिळालं. दुसरा प्रसंग स्पॉकच्या चित्राचा. लंडनमधल्या बिअरच्या जाहिरातफलकावर लोंबत्या कानांचा स्पॉक झळकला, अशा वापराचे पैसे आपल्याला मिळत नाहीत म्हणून निमॉयने स्टुडिओवर दावा लावला. 1979 च्या चित्रपटासाठी स्टुडिओला स्पॉक हवाच होता. दावा मिटेपर्यंत त्याने होकार दिला नाही.

पुढचं ठाऊक असेल. 1984 आणि 1986 चे 'स्टार ट्रेक' चित्रपट त्याने दिग्दर्शित केले आणि 1987 मध्ये त्याने दिग्दर्शित केलेला एक कौटुंबिक विनोदी चित्रपट, अंतराळाशी काडीचाही संबंध नसलेला, त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणारा ठरला. 27 फेब्रुवारी 2015 ला वयाच्या 83 व्या वर्षी तो गेला.

सांगलीचं स्वतःचं काही

हे सगळं परदेशातलं झालं, इथे कुठे लागू पडतं, असा आक्षेप आमच्या बैठकीत निघालाच. निघायलाच हवा होता. निमॉयचा चेहरा कानांसकट दिसत होता, आवाज त्याचा होता, मागे नटांची बळकट संघटना होती. आमच्या मुलाकडे यातलं फारसं काही नव्हतं.

पण अचाट पात्रं करणारा नट सांगलीला नवा नाही. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं. तेव्हापासूनच्या पौराणिक नाटकांत राक्षसपार्टी करणारे नट वेगळे असत. तोंड रंगवून, आरोळ्या ठोकत, तलवारी नाचवत ते रंगमंचावर येत आणि प्रेक्षक दचकत. त्या आरोळ्यांमुळे पुढे या नाटकांना अलल्लडुर्र म्हणून नावं ठेवली गेली. मला ती नावं ठेवणं कधीच पटलेलं नाही. चेहरा दिसत नसताना प्रेक्षकाला जागेवर खिळवायचं हे अवघड काम आहे आणि ते करणाऱ्यांची नावं आपण जपली नाहीत. दर 5 नोव्हेंबरला भाव्यांच्या नावाचं पदक देताना माझ्या मनात हे येतंच.

शिक्क्याचं सगळ्यात मोठं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातलं, नागठाण्याच्या बालगंधर्वांचं. भामिनी आणि सिंधू यांच्या रूपात महाराष्ट्राने ज्यांना डोक्यावर घेतलं, त्यांनी 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथांचं काम केलं. पुरुषवेषातले बालगंधर्व प्रेक्षकांना रुचले नाहीत. आणि तरीही आज त्यांचं काय उरलं आहे? ते गाणं. शालू, शेला, केसांतली वेणी या गोष्टी भूमिकेच्या होत्या. गळा त्यांचा होता. तो भूमिका संपल्यावरही राहिला.

वडिलांचा प्रश्न

बैठकीला मुलगा, त्याचे वडील, इथल्या न्यायालयात वकिली करणारा एक मित्र, एक जुने रंगभूषाकार आणि मी, इतकेच होतो. पर्याय तीन. आहे तसा करार सही करायचा. नाहीतर साताऱ्याजवळच्या एका गावात चित्रीकरण होणाऱ्या मराठी मालिकेत नायिकेच्या भावाचं काम घ्यायचं: स्वतःचा चेहरा, स्वतःचा आवाज, दिवसाचं मानधन निम्म्याहून कमी, कसली हमी नाही, कथेतला त्या पात्राचा भाग महिन्यात संपू शकतो. 'लागिरं झालं जी'पासून सातारा भागात मालिकांची चित्रीकरणं वाढली आहेत आणि तिथे काम करणाऱ्याला घर जवळ पडतं, हे खरं. तिसरा पर्याय परत येऊन वर्ग घ्यायचे. तो कुणी फारसा उच्चारला नाही, पण मुलाच्या चेहऱ्यावर तो होता.

रंगभूषाकारांचं मत स्पष्ट होतं: झाकलेल्या चेहऱ्याने दुसऱ्यांदा आलास की तिसऱ्यांदाही तसंच बोलावतील. वकील मित्र म्हणाला, दोन वर्षांची बंदी कापून घे, मगच बाकीचं बोलू. तासभर हेच इकडून तिकडे चाललं.

मग वडील बोलले. तोवर ते गप्पच होते.

"थोबाड दिसंना, आवाज तुझा न्हाई. मग त्यास्नी तूच कशाला पायजेस रं?"

मुलगा म्हणाला, "ती मान, आण्णा. बाकीच्यांना करून बघितलं त्यांनी. जमलं नाही. आणि सात-आठ तास ते सिलिकॉन घालून सगळ्यांना टिकता येत नाही."

"मग त्ये सांग की त्यास्नी. मशीन मालकाचं असतंय, पर सेटिंग कारागिराचं. सेटिंगचं पैसं येगळं घ्यायचं."

या एका वाक्याने सगळ्या चर्चेची दिशा बदलली. तोवर आम्ही सगळे भूमिकेबद्दल बोलत होतो: चांगली की वाईट, शिक्का बसेल की नाही. आता प्रश्न वेगळा झाला. या भूमिकेत त्याचं स्वतःचं काय जाणार आहे, आणि जे जाणार आहे त्यातलं किती त्याच्याकडे परत येणार आहे? निमॉयच्या कारकिर्दीतही मला हेच दिसतं. स्पॉकपासून पळाला म्हणून तो तरला नाही आणि स्पॉकला चिकटून राहिला म्हणूनही नाही. भूमिकेत त्याने घातलेलं त्याचं होतं. ते त्याचं आहे हे त्याने पैशात, श्रेयात आणि गरज पडली तेव्हा न्यायालयात मांडलं. आणि मधल्या काळात हात रिकामे ठेवले नाहीत.

कागदावर काय झालं

वकील मित्राने कॉपीराइट कायद्यातली 2012 ची दुरुस्ती काढली. कलम 38अ मध्ये प्रयोग करणाऱ्या कलाकाराचा हक्क आहे. कलम 38ब मध्ये त्याचे नैतिक हक्क आहेत: आपल्या कामाचा कर्ता म्हणून आपली ओळख नोंदली जावी, आणि काम विद्रूप करून वापरलं तर हरकत घेता यावी. एकदा लेखी संमती देऊन चित्रीकरण झालं की, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, निर्मात्याने ते त्याच चित्रकृतीत वापरण्याला नट आडवा येऊ शकत नाही. म्हणून 'वेगळं काही' असलं तर ते सहीच्या आधीच लिहून घ्यावं लागतं. चेहरा झाकलेल्या नटाला 38ब इतकं मोलाचं कलम दुसरं नाही, कारण त्याची ओळख पडद्यावर आपोआप होत नाही.

मुलाने फोनवर वाद घालायचा नाही असं ठरलं. त्याने एक पान लिहून पाठवलं. पहिलंच वाक्य मानेबद्दल होतं: असुरसेनेच्या सगळ्या नटांची हालचाल मी बसवीन, त्याचं वेगळं मानधन आणि वेगळं श्रेय द्यावं. निर्मितीसंस्थेने मानधन मान्य केलं, तेही चर्चेशिवाय, आणि त्यावरून आम्हाला कळलं की त्यांना ते हवंच होतं. श्रेय मात्र दिलं नाही. बंदीची अट टीव्हीवरच्या कथामालिकांपुरती खाली आली. नाटक आणि मराठी चित्रपट, तारखा आड येत नसतील तर, मोकळे. बारा तासांची शिफ्ट रंगभूषेच्या खुर्चीत बसल्यापासून मोजायची, हे थोड्या कुरबुरीनंतर मान्य झालं. माझ्या मते या मुद्द्यामुळेच तो शरीराने तग धरू शकला.

आवाजाच्या बाबतीत वाहिनीने ठाम नकार दिला. आधीचाच डबिंग कलाकार लोकांना ओळखीचा आहे, असं कारण दिलं. ते मला आजही सलतं. नटाचा आवाज गेला की त्याचा अर्धा अभिनय जातो, आणि मराठी वळणाची हिंदी बोलणारा असुर का चालू नये, याचं पटण्यासारखं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

या बदलांवर त्याने सही केली.

पुढे

मालिका दोन वर्षं चालली नाही. टीआरपी घसरला, वेळ बदलली, पुन्हा बदलली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत शेवटचा भाग चित्रित झाला. जुना करार असता तर हा मुलगा तिथेच पुन्हा अडकला असता. या वेळी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. सुट्टीच्या दिवसांत महालक्ष्मी पकडून सांगलीला येऊन त्याने एका दोन अंकी नाटकात काम केलं होतं, विना रंगभूषा, एका थकलेल्या हळद-व्यापाऱ्याचं. त्याचं चित्रण त्याच्याकडे होतं. ऑडिशनला दाखवायला पहिल्यांदा स्वतःचा चेहरा आणि स्वतःचा आवाज होता. आणि असुरसेनेतल्या नटांनी बाहेर त्याचं नाव घेतलं. हालचाल बसवून देणारा म्हणून त्याला एका वेब मालिकेत बोलावलं गेलं, तिथे अमानवी पात्रं करणाऱ्या नटांना तो आता शिकवतो. मराठी मालिकेतही काम मिळालं. भाऊ नाही, सावकार.

वडिलांना विचारलं तर ते म्हणतात, पोरगं आता धंद्याला लागलं. मला इतकी खात्री वाटत नाही. हालचाल शिकवण्याचं काम वाढलं की नट म्हणून तो मागे पडेल, ही भीती आहे आणि ती मी त्याला बोलून दाखवली आहे. निमॉयनेही दिग्दर्शनाकडे वळल्यावर अभिनय कमी केलाच होता, पण तोवर तो पन्नाशी ओलांडून गेला होता. याची तिशीही झालेली नाही.

सध्या त्याच्यासमोर तिसरा करार आहे. या वेळी अडलं आहे ते साच्यावर. प्रॉस्थेटिकसाठी, म्हणजे चेहऱ्यावर चिकटवायच्या सिलिकॉनच्या तुकड्यांसाठी, चेहऱ्याचा लाइफकास्ट, म्हणजे हुबेहूब साचा, घेतात, आता त्याबरोबर पूर्ण अंगाचं डिजिटल स्कॅनिंगही करतात. कराराच्या मसुद्यात लिहिलं आहे की तो स्कॅन निर्मितीसंस्थेच्या मालकीचा राहील आणि कुठल्याही कामासाठी, कितीही वेळा वापरता येईल. म्हणजे उद्या ती मान त्याच्याशिवायही वळवता येईल. लंडनच्या फलकावर निदान चित्रच होतं, इथे हालचालच उचलली जाते आहे. आम्ही तीन बदल सुचवले आहेत: स्कॅनचा वापर याच मालिकेपुरता, मालिका संपल्यावर प्रत नष्ट केल्याचं लेखी पत्र, आणि त्या स्कॅनवरून नवीन हालचाल तयार केली तर प्रत्येक वेळी वेगळी संमती आणि वेगळं मानधन. पहिलं मान्य होईल असं दिसतं. तिसऱ्यावर अजून उत्तर आलेलं नाही, आणि ते येईपर्यंत त्याने स्कॅनिंगची तारीख दिलेली नाही.